मनीनं दोरा गिळला तर?

मांजराची जीभ कधी हाताला लागली आहे तुमच्या? कशी खरखरीत लागते! तिच्यावर बारीक बारीक काटे असतात आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. अंग चाटूनपुसून साफ करायला हे काटे फार उपयोगी. पण शिलाई मशीनखाली पडलेला दोरा मनीनं खेळता खेळता तोंडात धरला, तर हेच काटे तिच्या जिवावर उठतात. दोरा जिभेवरून मागे मागेच सरकतो, थुंकून टाकता येत नाही. मग ती गिळत राहते. कधी कधी त्या दोऱ्यात सुईही ओवलेली असते.

पुढची गोष्ट पोटात घडते. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. आतडं ते आपल्या सवयीप्रमाणे पुढे ढकलत राहतं. परकराची नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात ना, तशा आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा आतडं आतूनच कापू लागतो. म्हणून मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं, तर ते अजिबात ओढायचं नाही. घरातल्या मोठ्यांना हाक मारायची आणि तडक डॉक्टर गाठायचे.

कुत्र्यांची तऱ्हा वेगळी. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला आपलं माणिकपूर. इथल्या वाड्यांमधून आणि इमारतींच्या मधल्या बोळांतून हिंडणाऱ्या कुत्र्यांना एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या कोयी मिळतात आणि पावसाळ्यात मक्याची बुरकुंडं. कोयीला गर चिकटलेला असतो, वास गोड येतो, कुत्रा ती अख्खी गिळतो. जठरात ती विरघळत नाही. आतड्यात उतरली तर वाटेत अडकून बसते. खाडीकाठी आमिषासकट मासेमारीचा गळही एखादं कुत्रं गिळून टाकतं. मग उलट्या सुरू होतात, खाणं सुटतं, पोटाला हात लावू देत नाही. डॉक्टर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतात आणि म्हणतात, ‘ऑपरेशन करावं लागेल.’

अशा ऑपरेशनला सॉफ्ट टिश्यू सर्जरी म्हणतात, म्हणजे मऊ ऊतींची शस्त्रक्रिया. हाड मोडलं तर ते बसवायचं काम वेगळं. इथे कातडी, स्नायू, आतडी, मूत्राशय, गर्भाशय अशा मऊ भागांवर काम चालतं. अंगावरची गाठ काढणं, हर्निया दुरुस्त करणं, मूत्राशयातला खडा काढणं, भांडणात फाटलेली कातडी शिवणं आणि नसबंदी, हे सगळं याच प्रकारातलं. नसबंदी न झालेल्या मोठ्या वयाच्या कुत्रीच्या गर्भाशयात कधी कधी पू साठतो. ती मरगळते आणि सारखं पाणी पीत सुटते. तेव्हा बहुतेक वेळा ऑपरेशन करून ते गर्भाशयच काढून टाकावं लागतं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ठरवून करायचं ऑपरेशन असलं की डॉक्टर सांगतात, ‘आदल्या रात्रीपासून काही खायला देऊ नका.’ आणि नेमकं सकाळी आपलं जनावर आपल्याकडे असं बघतं की एक बिस्किट तरी द्यावंसं वाटतं. देऊ नका! भूल दिली की शरीर गिळायचं आणि ठसका काढायचं विसरून जातं. त्या वेळी पोटातलं अन्न उलटून वर आलं तर ते थेट फुफ्फुसात उतरू शकतं. अगदी लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. म्हणून खाणं किती वाजता थांबवायचं आणि पाणी किती वाजता, हे डॉक्टरांनाच विचारून कागदावर लिहून ठेवायचं. चुकून कुणी काही भरवलंच, तर ते लपवायचं नाही, डॉक्टरांना सांगून टाकायचं.

भुलेचं औषध वजनावर ठरतं, म्हणून आधी काट्यावर उभं करतात. मग पायावरचे केस काढून शिरेत सुई. जनावर झोपलं की श्वासनलिकेत नळी घालतात, तिच्यातून प्राणवायू आणि भुलेचा वायू आत जातो. जिभेला एक चिमटा लावतात. रक्तात प्राणवायू किती आहे आणि हृदय किती वेगानं चाललंय, ते त्यातून यंत्रावर दिसतं. मांजराचं हृदय मिनिटाला १४० ते २२० वेळा धडधडतं. मनगट धरून आपली नाडी मोजून बघा, म्हणजे हा वेग किती मोठा ते कळेल. भुलेत पापण्यांची उघडझाप थांबते, म्हणून डोळे कोरडे पडू नयेत यासाठी त्यांत मलम घालतात. आणि खाली ऊबदार गादी ठेवतात, कारण लहान जीव फार लवकर गार पडतो.

यानंतर येतो तो मला सगळ्यात आवडणारा भाग, टाके. कापलेल्या कडा डॉक्टर टाक्यांनी एकमेकींजवळ आणून धरतात. जोडायचं काम मात्र ते शरीरच करतं! आधी रक्त गोठून फट बुजते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. त्यानंतर दुसऱ्या पेशी कोलॅजन नावाचे चिवट तंतू विणू लागतात. पोटात तर आणखी एक मदतनीस असतो, आतड्यांवर पसरलेला चरबीचा जाळीदार पडदा. कुठे इजा झाली की तो तिथे जाऊन चिकटतो, फट झाकतो, नव्या रक्तवाहिन्या पुरवतो. सर्जन लोक त्याला पोटातला पोलीस म्हणतात आणि आतडं शिवून झालं की बरेचदा स्वतःच्या हातानं हा पडदा टाक्यांवर पांघरतात.

पण आतले टाके काढायला पुन्हा पोट उघडायचं का? या प्रश्नावर माणसानं फार जुन्या काळापासून डोकं चालवलंय. सुश्रुतसंहितेत फाटलेलं आतडं जोडायची एक युक्ती दिली आहे. आतड्याच्या जुळवलेल्या कडांना मोठ्या काळ्या मुंग्या चावायला लावायच्या आणि त्यांची डोकी तशीच ठेवून धडं तोडून टाकायची. डोकी आतच राहायची. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर या डॉक्टरांनी जनावराच्या आतड्यापासून केलेला कॅटगट नावाचा धागा कार्बोलिक आम्लानं निर्जंतुक केला आणि १८६८ मध्ये तो आधी एका वासराच्या रक्तवाहिनीवर बांधून पाहिला. काही आठवड्यांनी पाहिलं, तर धाग्याच्या जागी वासराचीच ऊती तयार झाली होती. माणसांना पुढे त्याचा केवढा उपयोग झाला! आज वापरतात त्यांपैकी काही धागे साधारण दोन महिन्यांत शरीरातल्या पाण्यानंच विरघळून जातात. बाहेरच्या कातडीचे नायलॉनचे टाके मात्र दहा ते चौदा दिवसांनी काढावे लागतात.

आणि हे दहा-चौदा दिवस तुमचे असतात, डॉक्टरांचे नाहीत. आतड्याच्या ऑपरेशननंतर तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात नाजूक. नेमकं तेव्हाच आपलं कुत्रं शेपटी हलवायला लागतं, खेळायला मागतं. आपल्याला वाटतं, बरं झालं. आत मात्र नवे तंतू अजून पुरते विणले गेलेले नसतात. म्हणून उड्या नाहीत, जिने नाहीत, आंघोळ नाही. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर बघून कितीही दया आली तरी ती काढायची नाही, कारण जिभेनं चाटून टाके उसवायला मांजराला थोडासा वेळ पुरतो.

रोज एकदा जखम बघा. किंचित सूज चालते. लाली वाढत गेली, पाणी किंवा पू आला, वास आला, तर लगेच फोन. हिरड्याही बघा. आधी स्वतःचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख क्षणात गुलाबी होतं ना? कुत्र्याची हिरडी बोटानं दाबून सोडली, की तीसुद्धा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जनावर शांत असेल आणि घरातलं कुणी मोठं जवळ असेल तेव्हाच हे करायचं. हिरड्या फिक्या पडल्या असतील तर थांबू नका. दुखत असेल म्हणून घरातली तापाची गोळी तर मुळीच द्यायची नाही. आपली पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, एका गोळीनंही ते मरू शकतं.

मोठं ऑपरेशन असलं तर वसईतून काही जण जनावराला घेऊन परळला जातात. तिथलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे आजी-आजोबांच्या तोंडचं बैलघोडा हॉस्पिटल. ते एकोणिसाव्या शतकातलं आहे. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर ट्रामसुद्धा घोडेच ओढायचे आणि बैल गाड्या ओढायचे. त्याच आवारात १८८६ मध्ये जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज सुरू झालं. ज्या पशुवैद्यांकडे आपण मनीला नेतो, त्यांच्यापैकी कितीतरी जण तिथे शिकलेले असतात. तुमच्यापैकी कुणाला प्राणी आवडत असतील आणि रक्त बघून घाबरायला होत नसेल, तर हे कॉलेज ध्यानात ठेवा. आपल्याला असे डॉक्टर आणखी खूप हवे आहेत.

ज्यांना घर नाही अशा कुत्र्यांवरही हीच शस्त्रक्रिया होते. एखाद्या कुत्र्याच्या कानाचं टोक कापलेलं दिसतं. कुणी दुष्टपणे केलेलं नसतं ते. नसबंदी झाल्याची ती खूण असते, म्हणजे त्याला पुन्हा पकडून पुन्हा पोट कापायला नको, आणि कुत्रं भुलेत असतानाच ती करतात. नियमाप्रमाणे त्याला सहसा जिथून नेलं त्याच भागात परत आणून सोडतात. तुमच्या गल्लीतलं कुत्रं असं कानावर खूण घेऊन परत आलं, तर काही दिवस त्याच्यामागे धावू नका, कुणाला दगड मारू देऊ नका आणि सावलीत पाण्याचं भांडं ठेवा. त्याच्यासाठी तेवढं तुम्हीच करायचंय.