कॅम्परव्हॅन, खकनार आणि नकाशा

कॅम्परव्हॅन घेऊन बुऱ्हाणपूरहून खकनार, देडतलाईमार्गे मेळघाटात जाताय? मग हे वाचा. 🚐

📍 जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. सातपुड्यात रेंज जाते, म्हणून ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घ्या.

📍 गूगल मॅप्सला तुमच्या गाडीची उंची-रुंदी कळत नाही. कारसाठीचाच रस्ता ते दाखवतं. उंची मीटरमध्ये लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

📍 जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात नकाशाच्या भरवशावर निघालेली कार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखालच्या पुलावर जाऊन बुडाली. एकाचा जीव गेला.

📍 ‘जवळचा रस्ता’ दिसला, तरी आधी गावात विचारा. पावसाळ्यात तर नक्कीच.

नकाशा दिशा दाखवतो, रस्त्याची खात्री माणसंच देतात. अंधारात अनोळखी रस्त्यावर गाडी घालू नका!