मनाचा कौल कधी मानावा?

‘मनाने कौल दिला’ असे सहज म्हटले जाते. पण हा कौल येतो कुठून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांच्या निर्णयपद्धतीचा अभ्यास केला. त्यांनी नोंदविलेली एक घटना बोलकी आहे.

एका घराच्या स्वयंपाकघरातील आग पाण्याचा मारा करूनही विझेना. काहीतरी विपरीत असल्याचे जाणवून अधिकाऱ्याने दिवाणखान्यात उभ्या असलेल्या जवानांना तातडीने बाहेर काढले. पाठोपाठ तेथील जमीन खचली. खरी आग खालच्या तळघरात होती. अधिकाऱ्याला ही अतींद्रिय शक्ती वाटली. प्रत्यक्षात, आगीच्या मानाने उष्णता फार आणि आवाज कमी, ही विसंगती त्याच्या अनुभवी मनाने टिपली होती.

मात्र प्रत्येक कौल असा विश्वासार्ह नसतो. क्लाइन आणि नोबेल पारितोषिक विजेते डॅनियल कानमन यांनी २००९ मध्ये संयुक्त लेखात त्यासाठी दोन अटी सांगितल्या. परिस्थितीत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या खुणा असाव्यात आणि त्या शिकण्याची दीर्घ संधी मिळालेली असावी. चूक झाल्यास ती वेळीच कळावी.

म्हणूनच ‘बाळाचे आजचे रडणे नेहमीचे नाही’ ही आईची शंका डॉक्टरांनी गांभीर्याने ऐकावी. रोजच्या सहवासातून ती आलेली असते. अमुक शेअर वधारणारच, ही ‘आतली खात्री’ मात्र आकडे तपासल्याखेरीज मानू नये. खात्री कितीही प्रबळ असली तरी ती अचूकतेचा पुरावा ठरत नाही.