परसातले खुराडे : उन्हाचा विचार आधी

झाशी जिल्ह्यातील समथर हे एकेकाळचे संस्थान. बुंदेलखंडाच्या या भागात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती शरीर थंड ठेवते. म्हणून येथे परसात खुराडे बांधताना पहिला विचार उन्हाचा करावा लागतो.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन आत फारसे शिरत नाही. उत्तर व दक्षिण बाजूंना जाळी असल्यास वारा खेळता राहतो. पत्र्यावर गवत अंथरावे. दहा कोंबड्यांना वीस चौरस फूट जागा पुरते. जमिनीवर तुसाचा कोरडा थर असावा. जाळीची छिद्रे अर्ध्या इंचाची हवीत. मुंगूस व साप मोठ्या छिद्रांतून सहज शिरतात. रात्री दार उघडे राहिले, तर रानमांजर वर्षभराची कमाई एका रात्रीत संपवते. मानमोडीची लसही चुकवू नये.

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची, असील वंशाची ‘कारी निर्भीक’ परसासाठी उपयुक्त आहे. 2019 पासून कुक्कुटपालनाच्या खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्डही मिळू शकते. मात्र त्यासाठी स्वतःचे किंवा भाड्याचे खुराडे आधी असावे लागते. नीट बांधलेले खुराडे हीच या व्यवसायातील पहिली गुंतवणूक होय.