परदेशात भाड्याने घेतलेली मोटार आणि विमा संरक्षण : एक विवेचन

प्रस्तावना :

परिषदा, अभ्यासदौरे, अतिथी व्याख्याने अथवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांची भेट या निमित्तांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांचा परदेश प्रवास आता अपवादात्मक राहिलेला नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे लहान गावांत वसलेली आहेत. तेथे सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असल्याने मोटार भाड्याने घेणे ही चैन न राहता गरज ठरते. दीर्घ विमानप्रवासानंतर थकलेल्या अवस्थेत प्रवासी काउंटरवर उभा राहतो आणि करारपत्रावर चार-पाच ठिकाणी आद्याक्षरे करतो. त्यातील बहुतेक आद्याक्षरे म्हणजे एखादे संरक्षण स्वीकारल्याची किंवा नाकारल्याची लेखी कबुली असते. या कबुलीचा अर्थ न समजल्यास एका अपघातात आयुष्यभराची बचत पणाला लागू शकते. म्हणूनच या संरक्षणाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :

१) भाड्याच्या मोटारीशी निगडित जोखमींचे वर्गीकरण करणे.
२) भारतीय मोटार विमा व प्रवास विमा यांच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) अमेरिका, युरोप व न्यूझीलंड येथील व्यवस्थांची तुलना करणे.

विषय विवेचन :

१) जोखमीचे तीन प्रकार

भाड्याच्या मोटारीबाबत तीन स्वतंत्र जोखमी संभवतात. पहिली जोखीम त्रयस्थ व्यक्तीच्या शरीराला वा मालमत्तेला होणाऱ्या हानीची, म्हणजेच दायित्वाची. दुसरी भाड्याने घेतलेल्या मोटारीच्या नुकसानीची वा चोरीची. तिसरी चालक, सहप्रवासी व त्यांचे सामान यांच्या हानीची. करारपत्रावरील विविध नावांची संरक्षणे या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या गटात बसतात.

या तीन जोखमींचे आकारमान सारखे नाही, ही बाब महत्त्वाची आहे. दुसऱ्या जोखमीला मोटारीची किंमत व त्यावरील आनुषंगिक आकार एवढी साधारण मर्यादा असते. पहिल्या जोखमीला मात्र अशी नैसर्गिक मर्यादा नसते, कारण मानवी शरीराला झालेल्या इजेची भरपाई मोटारीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. व्यवहारात मात्र ग्राहकाचे लक्ष मोटारीवरील ओरखड्याकडेच अधिक असते.

२) भारतीय विमापत्राची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार भारतात त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे. हा विमा विशिष्ट वाहनाशी जोडलेला असतो. मालक दुसऱ्या देशात दुसरे वाहन चालवू लागला तर ते संरक्षण त्याच्यासोबत जात नाही. विमापत्राचे भौगोलिक क्षेत्र भारतापुरते असते आणि जादा हप्ता भरून ते नेपाळ, भूतान, बांगलादेश यांसारख्या शेजारी देशांपर्यंत वाढविता येते. ही वाढदेखील त्याच वाहनापुरती असते.

अमेरिकेतील स्थिती याहून भिन्न आहे. तेथील रहिवाशाचे वैयक्तिक मोटार विमापत्र सामान्यतः अमेरिका व कॅनडात भाड्याने घेतलेल्या मोटारीलाही लागू होते. ‘काउंटरवरील संरक्षणे घेण्याची गरज नाही’ असा जो सल्ला सर्वत्र वाचावयास मिळतो, तो या रहिवाशांना उद्देशून असतो. भारतीय प्रवाशाने तो स्वतःस लागू करून घेणे धोक्याचे आहे.

परदेश प्रवास विम्यात ‘वैयक्तिक दायित्व’ असे एक कलम आढळते. मात्र वाहन चालविण्यातून उद्भवणारे दायित्व त्यातून सामान्यतः वगळलेले असते. क्रेडिट कार्डासोबत भाड्याच्या मोटारीचे संरक्षण मिळते, हा समजही मुख्यतः अमेरिकेतील कार्डांवर आधारित आहे. तेथेही ते संरक्षण प्रायः मोटारीच्या नुकसानीपुरते असते; दायित्वाला ते लागू होत नाही.

३) अमेरिका : दायित्वाची उणीव

अमेरिकेत मोटार विम्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दायित्वाची किमान मर्यादा एका व्यक्तीच्या शारीरिक इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्व व्यक्तींसाठी ६०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर अशी आहे. तत्पूर्वी ती अनुक्रमे १५,०००, ३०,००० व ५,००० डॉलर होती. भाड्याच्या दरात दायित्वाचे संरक्षण समाविष्ट असले तरी ते पुष्कळदा राज्याच्या किमान मर्यादेइतकेच असते.

पूर्वी काही राज्यांत वाहनाचा मालक या नात्याने भाडे कंपनीवरही अपघाताची जबाबदारी येत असे. २००५ साली अमेरिकी संसदेने संमत केलेल्या ‘ग्रेव्हज दुरुस्ती’ने ही स्थिती बदलली. कंपनीचा स्वतःचा निष्काळजीपणा नसेल, तर केवळ मालकीच्या आधारे तिला जबाबदार धरता येत नाही. परिणामी किमान मर्यादेपलीकडील भरपाईसाठी चालकाकडेच बोट दाखविले जाते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, कॅलिफोर्नियातील अपघातात चालकाच्या चुकीमुळे एका व्यक्तीला ९०,००० डॉलरची शारीरिक हानी झाली व तिच्या मोटारीचे ३८,००० डॉलरचे नुकसान झाले. किमान संरक्षणातून अनुक्रमे ३०,००० व १५,००० डॉलर मिळतील. उर्वरित ६०,००० व २३,००० असे एकूण ८३,००० डॉलर चालकाच्या माथी पडतील. त्याने ‘लॉस डॅमेज वेव्हर’ घेतले असले तरी या रकमेत एका डॉलरचीही घट होणार नाही, कारण ते संरक्षण केवळ कंपनीच्या मोटारीसंबंधी आहे. ही उणीव ‘सप्लिमेंटल लायबिलिटी इन्शुरन्स’ भरून काढते. अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय प्रवाशाने सर्वप्रथम याच संरक्षणाची चौकशी करावयास हवी.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. ‘वेव्हर’ हा अमेरिकेत काटेकोर अर्थाने विमा नव्हे. ग्राहकाकडून नुकसान वसूल करण्याचा आपला हक्क सोडून देण्याचे ते कंपनीचे सशर्त वचन आहे. करारातील अट मोडली की हे वचनही संपुष्टात येते.

४) युरोप : एक्सेसचा प्रश्न

युरोपीय संघात मोटार दायित्व विमा १९७२ च्या निर्देशापासून सक्तीचा आहे. २०२१ च्या सुधारणेनुसार सदस्य राष्ट्रांनी शारीरिक हानीसाठी प्रति अपघात ६४.५ लाख युरो अथवा प्रति व्यक्ती १३ लाख युरो आणि मालमत्तेसाठी प्रति अपघात १३ लाख युरो इतके किमान संरक्षण ठेवणे अपेक्षित आहे. ब्रिटनमध्ये त्रयस्थाच्या शारीरिक हानीचे संरक्षण अमर्याद असते. हे संरक्षण भाड्याच्या मोटारीस असतेच. त्यामुळे अमेरिकेतील मुख्य चिंता येथे बरीच कमी होते.

येथे प्रश्न उद्भवतो तो मोटारीच्या नुकसानीबाबत. ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ बहुधा भाड्यातच समाविष्ट असते, परंतु त्यास एक्सेस जोडलेला असतो. एक्सेस म्हणजे नुकसानीपैकी ग्राहकाने स्वतः सोसावयाचा वाटा. समजा, एक्सेस १,५०० युरो आहे. नुकसान ९०० युरो झाल्यास ती संपूर्ण रक्कम ग्राहक देतो; ६,००० युरो झाल्यास तो १,५०० युरो देतो. मात्र काच, टायर, छत व मोटारीचा तळ हे भाग पुष्कळदा वगळलेले असतात. अशा वेळी खर्च ग्राहकालाच करावा लागतो.

एक्सेस शून्यावर आणणारे जादा संरक्षण कंपनी विकते. स्वतंत्र विमा कंपनीकडून एक्सेस विमाही घेता येतो. त्यात मात्र ग्राहकाने रक्कम प्रथम भाडे कंपनीला द्यावयाची व नंतर विमा कंपनीकडून परत मिळवावयाची असते. शिवाय ठेव म्हणून क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाणारी रक्कम त्यामुळे टळत नाही. स्थानिक परिस्थितीनुसारही संरक्षणे बदलतात. आइसलँडमध्ये खडी तसेच वाळू व राख यांपासून होणाऱ्या हानीसाठी वेगळी संरक्षणे दिली जातात.

५) न्यूझीलंड : वेगळी वाट

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून दोष कोणाचा हे न पाहता अपघातातील शारीरिक इजेची भरपाई शासकीय योजनेतून होते. परदेशी प्रवाशांनाही देशात झालेल्या अपघाती इजेच्या उपचारांसाठी तिचा लाभ मिळतो. या भरपाईच्या बदल्यात इजेबद्दल दावा करण्याचा हक्क सामान्यतः उरत नाही. तथापि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा तेथे सक्तीचा नाही. म्हणून भाडेकरारात तो अंतर्भूत आहे किंवा कसे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

६) संरक्षण केव्हा गमावले जाते?

मद्यप्राशन करून वाहन चालविणे, करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हाती मोटार देणे, मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर जाणे आणि परवानगीविना दुसऱ्या देशाची सीमा ओलांडणे या कारणांनी संरक्षण सामान्यतः रद्द होते. प्राध्यापकांचा गट एकत्र प्रवास करीत असता ‘थोडा वेळ तुम्ही चालवा’ असे सहज म्हटले जाते. तथापि दुसऱ्या चालकाची नोंद नसल्यास हे सौजन्य महाग पडू शकते.

चालक परवान्याचेही तसेच आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय वाहन चालक परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो व तो एक वर्षासाठी असतो. तो मूळ परवान्यासोबतच बाळगावा लागतो. वैध परवान्याअभावी विम्याचा आधार नाहीसा होऊ शकतो.

निष्कर्ष :

१) परदेशात भारतीय मोटार विमापत्राचा आधार मिळत नाही आणि प्रवास विम्यातून वाहन दायित्व सामान्यतः वगळलेले असते.
२) अमेरिकेत दायित्वाच्या जादा संरक्षणास, युरोपात एक्सेसला, तर न्यूझीलंडमध्ये मालमत्तेच्या दायित्वास अग्रक्रम द्यावा.
३) वैयक्तिक अपघात व सामान यांची काउंटरवरील संरक्षणे प्रवास विम्याशी ताडून पाहावीत, पुष्कळदा ती दुहेरी ठरतात.
४) करारातील अटी प्रवासापूर्वी घरीच वाचाव्यात आणि मोटार घेताना व परत करताना तिची छायाचित्रे घ्यावीत.

सारांश, कोणते संरक्षण स्वस्त आहे, यापेक्षा कोणती हानी आपल्याला सोसवणार नाही, हा प्रश्न प्रथम विचारणे योग्य ठरते. मोटारीवरील ओरखड्याचा खर्च बहुतेकांना कसाबसा पेलता येतो. दुसऱ्याच्या गंभीर इजेची भरपाई मात्र पेलण्यापलीकडची असते. संरक्षणाचा क्रम या वास्तवावरून ठरावा.