चिपमधील शब्दकोश

धुलाईयंत्रात दडलेला मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा गणकच होय. पण त्याची स्मृती किती तोकडी! ‘एटीमेगा ३२८पी’ या प्रसिद्ध चिपमध्ये आज्ञांसाठी ३२ किलोबाइट, तर चालू कामासाठी अवघे २. एवढ्या जागेत एखादी संपूर्ण भाषा नांदेल काय? चार्ल्स मूर यांची ‘फोर्थ’ खुशाल नांदते. १९७१ साली अमेरिकेतील किट पीक येथे तिने रेडिओ-दुर्बीण चालविली होती.

तिची युक्ती अशी. नाण्यांच्या चळतीप्रमाणे संख्या एकीवर एक रचल्या जातात. शेवटी ठेवलेली प्रथम निघते. ‘२ ३ +’ लिहिताच दोन्ही संख्या उचलल्या जाऊन त्यांच्या जागी ५ येतो. कंसांची गरजच उरत नाही. ‘: वर्ग डुप * ;’ या ओळीने ‘वर्ग’ हा नवा शब्द कोशात दाखल होतो. ‘डुप’ वरच्या संख्येची जोडप्रत काढतो, मग गुणाकार.

परंतु पहिले शब्द चिपला कोणी शिकवावेत? येथे असेम्ब्लर कामी येतो. बेरीज, जोडप्रत असे मोजके मूळ शब्द चिपच्या सांकेतिक आज्ञांत हाताने लिहावे लागतात. प्रत्येकासोबत त्याचे नाव व आधीच्या शब्दाचा पत्ता. त्या साखळीवरूनच पुढे शब्द सापडतो. ग्नू असेम्ब्लर हे लिखाण यंत्रांकांत उतरवितो. तो मुक्तस्रोत आहे. त्याची घडणही कोणासही वाचता, बदलता येते. तो विनामूल्य मिळतो, यापेक्षा हेच आम्हांस मोलाचे वाटते. चिपचे पोट सोडले, तर वाटेत एकही पेटी कुलूपबंद नाही.

उरलेले बहुतेक शब्द फोर्थमध्येच रचता येतात. संगणकाची तार जोडून शब्द टंकित करावा. चिप तो तत्क्षणी पाळते आणि उत्तरते, ‘ओके’.