फवारणी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे

२२ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळी अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. अकोल्यातही निर्बंध आले. राज्यातल्या दुसऱ्या लाटेची झळ सर्वांत आधी ज्या भागांना बसली, त्यात आपले वऱ्हाड होते. दुसऱ्याच दिवशी गाडगेबाबांची जयंती होती. एरवी त्या दिवशी झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारे आपण घरात होतो. रस्त्यावर होते ते सफाई कामगार.

त्या काळात निर्जंतुकीकरण म्हटले की एकच चित्र दिसायचे: पाठीवर पंप, हातात नळी आणि समोर मोबाईलवर फोटो काढणारे. वस्ती, विहार, समाजमंदिर, वसतिगृह, सगळीकडे फवारणी. मीसुद्धा अशा एका फवारणीसाठी वर्गणी गोळा केली होती. आपण काहीतरी करतो आहोत, हे समाधान मोठे होते. उपयोग किती झाला, हा प्रश्न तेव्हा विचारला नाही, म्हणून आता लिहितो आहे.

मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले. त्यानंतर एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नका, असे स्पष्ट कळवले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की रस्त्यांवर आणि बाजारात फवारणी करू नये आणि खोल्यांमध्येही सरसकट फवारण्याची शिफारस नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्जंतुकीकरण बोगद्यांबाबत महिनाभरात निर्देश काढण्याचा विचार करा, असे केंद्राला सांगितले. तरीही पंप चालूच राहिले.

फवारणीने काम का होत नाही? एक तर धूळ, तेलकटपणा आणि घाण असली की क्लोरीन त्यातच खर्ची पडते. दुसरे, फवाऱ्याचे थेंब कडीच्या मागच्या बाजूला, टेबलाच्या खाली पोचत नाहीत. तिसरे, द्रावण पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहावे लागते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ते क्षणात सुकते.

मोठ्या इमारतीचे खरे काम हाताने पुसण्याचे असते आणि ते कंटाळवाणे असते. रुग्ण राहिलेली खोली आधी बंद ठेवायची, खिडक्या उघडायच्या, शक्य असेल तर दिवसभर थांबायचे. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. पहिल्यांदा साबणाच्या पाण्याने पुसायचे. करोनाच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणानेच फुटते. मग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेल्या फडक्याने वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे यायचे. बाजारातले द्रावण पाच टक्क्यांचे असेल तर एक लिटरला चार लिटर थंड पाणी. रोज ताजे करायचे. दहा मिनिटांनी धातूच्या वस्तू साध्या पाण्याने पुसायच्या, नाहीतर गंजतात. विहारातल्या पितळी मूर्तीला हे द्रावण लावूच नका, साबणाचे पाणी पुरते. स्विचवर काहीही फवारायचे नाही, वीज बंद करून सत्तर टक्के अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचे. आणि संडास धुण्याचे ॲसिड यात कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

एवढे करूनही लक्षात ठेवायचे की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे अकोल्याच्या उन्हाळ्यात सभागृहाचा कूलर खिडकीबाहेर बसवून समोरची खिडकी उघडी ठेवणे, हे पंपभर औषधापेक्षा जास्त कामाचे. बंद हॉलच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो. मात्र वसतिगृहात उलट्या-जुलाबाची साथ आली, नोरोव्हायरससारखा विषाणू असला, तर हिशेब बदलतो. त्याला असे आवरण नसते, सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. तिथे साबणाने हात धुणे आणि क्लोरीनने पुसणे हेच महत्त्वाचे.

आता हे पुसणारे हात कोणाचे, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. ते बहुतेक आपल्याच घरातले असतात, ठेकेदाराच्या हजेरीवर. मी पाहिलेल्या एका विलगीकरण केंद्रात पीपीई किट डॉक्टरांना होते. खोल्या पुसणाऱ्या बाईने ओढणी तोंडाला बांधली होती आणि हातांची कातडी सोलली होती. मी विचारले तर म्हणाली, "दादा, हातमोजे मागतले तं उद्या दुसरी बाई आणतीन." विना संरक्षण फवारणीचा अर्थ वऱ्हाडाला माहीत आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. औषध वेगळे, पण पंप तोच आणि उघडी पाठही तीच.

पुढच्या साथीत एखादी एजन्सी चौरस फुटाचा दर घेऊन तुमच्या विहार समितीकडे किंवा वसतिगृहाकडे येईल. तेव्हा विचारा: पुसणार की फवारणार? माणसे किती, तास किती? जाड रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क कोण देणार? त्यांना हे द्रावण कसे करायचे ते कोणी शिकवले? मजुरी किती आणि कामानंतर आंघोळीची सोय कुठे? उत्तरे लेखी घ्या. वर्गणी जमली असेल तर आधी हातमोजे विकत आणा.