संग्रहालयातला भू-रसायनशास्त्रज्ञ नेमकं काय करतो? मुंब्र्याच्या डोंगरापासून लोणारपर्यंत

डोंबिवली-कल्याणहून ठाण्याकडे निघालेली लोकल मुंब्र्याजवळ आली की शेजारी काळाकभिन्न डोंगर दिसू लागतो. 1916 साली सुरू झालेला पारसिकचा बोगदा याच डोंगररांगेतून खोदलेला आहे. हा दगड म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास लाव्हा थंड होऊन तयार झालेला. महाराष्ट्राचा मोठा भाग याच दगडाचा आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवरही त्यातच आहे.

या विवराने शास्त्रज्ञांना बराच काळ कोड्यात टाकलं होतं. ते कोडं सोडवणाऱ्यांत एक जण संग्रहालयात काम करणारा होता.

लोणारचा वाद काय होता?

लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. ते ज्वालामुखीमुळे झालं की आकाशातून आदळलेल्या अशनीमुळे, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उल्केमुळे? आजूबाजूचा सगळा दगड लाव्हाचाच असल्याने ज्वालामुखीवर संशय जाणं स्वाभाविक होतं. शिवाय आदळलेल्या अशनीचा मोठा तुकडा तिथे सापडत नव्हता.

1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाचे कर्ट फ्रेड्रिक्सन होते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे (जीएसआय) ए. दुबे व एम. एस. बालसुंदरम हेही होते. विवराच्या तळात छिद्रं पाडून काढलेल्या दगडांत त्यांना मास्केलिनाइट सापडलं.

मास्केलिनाइटला इतकं महत्त्व का?

बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्यावर प्रचंड आणि अचानक दाब आला, तर त्याची स्फटिकरचना मोडते आणि त्याची काच होते. गंमत म्हणजे कणाचा बाहेरचा आकार तसाच राहतो. त्यासाठी लाखो वातावरणांइतका दाब लागतो. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण असा धक्का बसत नाही. म्हणून मास्केलिनाइट हा आघाताचा पुरावा ठरला.

या पदार्थाची ओळखही संग्रहालयातच पटली होती आणि तीही भारतात पडलेल्या अशनीमुळे. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटी इथे एक अशनी पडली. व्हिएन्नाच्या खनिजसंग्रहाचे प्रमुख गुस्ताव चेरमाक यांनी 1872 मध्ये तिच्यातल्या या काचेचं वर्णन केलं आणि ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ मास्केलिन यांचं नाव तिला दिलं. ही अशनी मंगळावरून आली, हे तर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लक्षात आलं. 1865 चा दगड कोणी जपलाच नसता, तर हे कळलं नसतं.

रोजचं काम काय असतं?

दगडाचा पातळ काप काढून तो घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीचा करतात. इतक्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं ओळखता येतात. नंतर मायक्रोप्रोब या यंत्रात एकेका कणावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. कणातून क्ष-किरण बाहेर पडतात आणि त्यांवरून कोणतं मूलद्रव्य किती आहे ते कळतं. ऑलिव्हिन या खनिजातलं लोहाचं प्रमाण मोजलं, की सामान्य दगडी अशनी कोणत्या गटातली हे ठरवता येतं. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात पडलेल्या अशनीचा ‘एल6’ हा गट अशाच तपासणीतून ठरतो.

दुसरा भाग कमी झगमगाटाचा, पण तितकाच महत्त्वाचा: नोंद ठेवणं. नमुना कुठून, केव्हा, कोणत्या थरातून आला? ही चिठ्ठी हरवली तर दगड फक्त शोभेचा उरतो. मुंबईच्या मालाड-कांदिवली परिसरातल्या जुन्या खाणींतून प्रेहनाइट, ओकेनाइट अशी देखणी खनिजं निघाली. त्या भागांत आता वस्ती आहे. तिथली खनिजं पाहायची तर संग्रहांतच. ठाणे-कल्याण पट्ट्यातही डोंगर फोडले जातात, तेव्हा दगडासोबत त्याच्या पोकळ्यांतली खनिजंही खडी होऊन जातात.

या क्षेत्रात जायचं तर?

बारावी विज्ञाननंतर भूशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बीएससी करता येते. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये भूशास्त्र शिकवलं जातं. पुढे ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एमएससीला प्रवेश मिळतो. पवईच्या आयआयटीत भूविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. जीएसआयसाठी यूपीएससी वेगळी परीक्षा घेते आणि तिच्यातून भूवैज्ञानिकांबरोबर रसायनतज्ज्ञही निवडले जातात. अशनींवर संशोधन करायचं तर अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा हे महत्त्वाचं ठिकाण आहे.

केवळ संग्रहालयासाठी निघणाऱ्या जागा मोजक्याच असतात. म्हणून बहुतेक जण आधी संशोधक होतात आणि संग्रहाचं काम त्याच्या जोडीने येतं.

दगड सापडला तर?

पडताना पाहिलेला दगड धुऊ नका, फोडू नका. पाण्याने त्यातलं लोखंड गंजतं. लोहचुंबक लावून पाहण्याचा मोहही टाळा, कारण त्याने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाऊ शकते. तो स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि जीएसआयला कळवा. बहुतेक वेळा तो साधा बेसाल्ट किंवा भट्टीतली मळी निघेल. पण शेरघाटीच्या दगडाचं मोल ओळखायलाही शंभरावर वर्षं लागली होती.